त्रेसष्टच्या जागी छत्तीस

पत्र्याचा तीन उलटा लावला की सहा होतो, हे मला सात वर्षं माहीत होतं. तरी त्या रविवारी माझ्या हातून घोळ झालाच.

आमच्या चर्चमध्ये वेदीच्या डावीकडे भिंतीवर एक लाकडी फळा आहे. त्या दिवशी कोणती गीतं गायची, त्यांचे आकडे त्यावर अडकवायचे. आकडे पत्रा कापून केलेले, दोन्ही बाजूंनी सारखेच काळे, त्यामुळे सुलटी बाजू कुठली ते डोळे उघडे ठेवून बघावं लागतं. हे काम माझ्याकडे कसं आलं? पप्पा मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरी, आणि सेक्रेटरीची मुलगी रिकामी बसलेली कोणाला बघवत नाही.

तर त्रेसष्टावं गीत लावायचं होतं आणि मी दोन्ही पत्रे उलटे अडकवले. फळ्यावर झाले छत्तीस. पाळकसाहेबांनी त्रेसष्ट सांगितलं, पण त्यांचा माइक नेहमीप्रमाणे बंद होता. नव्या ऑर्गनवाल्यानं फळा वाचला आणि छत्तिसाव्याची चाल धरली. त्रेसष्टावं गीत आनंदाचं, छत्तिसावं अंत्यविधीचं. पुढचे बाक आभार मानतायत, मागचे बाक कोणाला तरी पोचवायला निघालेत... दोन मिनिटं असंच चाललं.

उपासना संपल्यावर मी मान खाली घालून आकडे उतरवत होते. मागून आवाज आला.

"छत्तीसचा आकडा तुम्ही लावलात?"

"लावला तर लावला. आमच्या मंडळीला शोभतो."

तो हसला. सडपातळ, नाकावर घसरणारा चष्मा, बोटांना तेलाचा वास. आठवडाभर तो जुने पियानो आणि पायपेट्या दुरुस्त करायचा. आमच्या ऑर्गनवाल्या आजीबाईंची बोटं आखडली, म्हणून कमिटीनं त्याला आणलं होतं.

"पण तुम्ही तर आमच्याकडे पाठ करून बसता," मी म्हटलं. "फळा दिसला कसा?"

"या, दाखवतो."

ऑर्गनच्या वर एक छोटा आरसा टांगलेला होता. त्यात सगळं चर्च मावत होतं, बाक, वाट, दार, फळा.

"यात सगळे आकडे उलटे दिसतात. मी सवयीनं वाचतो. पण दोन आकडे असे आहेत की आरशातही जसेच्या तसे. छत्तीस आणि त्रेसष्ट."

"काहीतरीच!"

"लावून बघा."

मी लावले. खरंच की! एकमेकांकडे पाठ केलेले छत्तीस आरशातही पाठ करूनच उभे. आणि त्रेसष्ट लावले, तर ते आरशातही समोरासमोर. मी वाकून बघत होते, तोही वाकला होता, आणि मग आरशात आकड्यांच्या पुढे आमची दोन तोंडं आली... मी पटकन मागे सरले.

"बरं, येते मी, पेटीवाले."

"या, आकडेबाई."

मंडळीला छत्तीस शोभतो, हे मी उगाच म्हटलं नव्हतं. शेवटच्या बाकावर दोघी जणी बसायच्या. एक हॉस्पिटलात नर्स, दुसरी शाळेत चित्रकला शिकवणारी. अकरा वर्षं एका घरात राहणाऱ्या. त्यांनी पाळकसाहेबांना लेखी विचारलं होतं, आमचं लग्न या वेदीपुढे लागेल का? झालं! कोणी शास्त्रातलं वचन काढलं, कोणी त्याच पानावरचं दुसरं वचन काढलं. होकारवाले उजव्या बाकांवर बसू लागले, नकारवाले डाव्या. तीस वर्षं एका छत्रीतून घरी जाणाऱ्या दोन मैत्रिणी आता दोन छत्र्या आणायच्या. पप्पा डावीकडचे. पप्पांना कोणाचा द्वेष करता येत नाही, पण शास्त्रात जे आहे ते आहे, असं ते म्हणत आणि त्यांची रात्रीची झोप उडालेली असे.

त्यातली नर्स ही पेटीवाल्याची सख्खी थोरली बहीण, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं. तोपर्यंत फार उशीर झाला होता, म्हणजे माझा.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. तो दर तीन दिवसांनी यायचा, चष्म्याचा स्क्रू सैल झाला म्हणून.

"तुमच्याकडे हत्यारांची अख्खी पेटी आहे," मी एकदा म्हटलं, "आणि एवढासा स्क्रू आवळायला इथे येता?"

"तुझा हात हलका आहे."

"आणि हा स्क्रू रोज रोज सैल करतं कोण?"

"हवा," तो म्हणाला. "आमच्या गल्लीत वारा फार."

बाहेर भुरभुर पाऊस होता. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी चष्मा पुसून त्याच्या नाकावर ठेवला, काड्या कानांमागे नीट बसवल्या. हे मी दिवसातून वीस वेळा करते. पण त्या दिवशी बोटं कानांशी जरा जास्तच रेंगाळली... आणि त्यानं काही तक्रार केली नाही.

"ताईच्या लग्नावरचं मतदान पुढच्या रविवारी आहे," तो हळूच म्हणाला. "तू कुणाकडून?"

"ताईंकडून. विचारायचं काय त्यात?"

"तुझे पप्पा..."

"पप्पा पप्पांच्या जागी."

"उभी राहशील?"

"उभी? अरे, बाकावर चढून उभी राहीन!"

तो इतका मोकळा हसला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. बोलायला काय जातं!

तो रविवार मला विसरता येत नाही. पाळकसाहेबांनी ठराव वाचला आणि आज माइक नेमका सुरू होता. "ज्यांची संमती आहे, त्यांनी कृपया उभं राहावं."

उजव्या बाजूला माणसं उभी राहू लागली. डाव्या बाजूला आमच्या पुढच्या बाकावरच्या बहिऱ्या मावशीही उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, गीत आहे. शेजारणीनं त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "असू दे. उठलेय तर उठलेय. गुडघे पुन्हा कोण दुखवणार? आणि त्या पोरी मला औषध आणून देतात."

मी आई नि काकू यांच्या मध्ये होते. आईचा हात माझ्या गुडघ्यावर होता. पुढे कित्येक दिवस मी मनाला सांगत राहिले की आईनं मला धरून ठेवलं. खोटं. तिचा हात नुसता ठेवलेला होता, दाबलेला नव्हता. कोणी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतं. पप्पा पुढे उभे राहून बोटानं उभी माणसं मोजत होते. त्यांचं बोट आमच्या बाकावरून फिरलं आणि माझ्यावरून न थांबता पुढे गेलं. माझ्याबद्दल त्यांना शंकाही आली नाही. त्याच क्षणी उठायला हवं होतं. मी गीतांचं पुस्तक उघडलं आणि उगाच पानं चाळली.

मग मी वर बघितलं. आरशात त्याचे डोळे होते. रागावलेले नव्हते. नुसते वाट बघत होते... अजूनही वाट बघत होते. मग ते खाली गेले.

ठराव नऊ मतांनी पडला. शेवटच्या बाकावरून दोघी उठल्या, एकीनं दुसरीची पिशवी घेतली आणि दार आवाज न करता लावून घेतलं.

पुढच्या रविवारी ऑर्गनवरचा आरसा छताकडे वळवलेला होता. आकड्यांची चिठ्ठी त्यानं पाळकसाहेबांकडून आधीच घेतली होती. महिनाअखेरीस तो काम सोडणार, असं पप्पांनी जेवताना सांगितलं. स्क्रू सैल व्हायचाही थांबला. गल्लीतला वारा पडला असावा.

आणि मग ताई दुकानात आल्या. त्यांच्या नव्या चष्म्याची ऑर्डर माझ्याकडेच होती. ती मी विसरले नव्हते. त्या विसरतील, अशी आशा करत होते.

चष्मा बसवताना माणसाच्या तोंडाकडे बघावंच लागतं. दोन्ही डोळे, नाक, कान. मी त्यांच्या कानातल्या कुड्यांकडे बघत काड्या वाकवत होते.

"बघ माझ्याकडे," ताई म्हणाल्या, "नाहीतर वाकडा बसेल."

मी बघितलं. डोळ्यांखाली रात्रपाळीची काळी वर्तुळं. कुठेही राग नाही. एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"ताई, मी त्या दिवशी..."

"दिसतं छान," त्या म्हणाल्या. "लांबचंही आणि जवळचंही." पावती घेऊन त्या निघाल्या. दारात थांबल्या. "तू एकटी नव्हतीस गं. खूप जण बसले होते."

त्या गेल्यावर मी आत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. खूप जण बसले होते, पण बाकावर चढून उभी राहीन असं त्यातलं कोणी म्हटलं नव्हतं. माझ्या एका मतानं काही घडलं नसतं, हे मला नीट कळत होतं. म्हणजे मी काही वाचवायला बसले नव्हते. नुसती बसले होते.

त्याच्या शेवटच्या रविवारी प्रवचनानंतर पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कोणाच्या काही सूचना?" या वेळी सहसा कोणाची छत्री हरवलेली असते.

मी उभी राहिले.

पुढचा बाक दोन्ही हातांनी धरला. "माझी एक सूचना आहे. मतदानाच्या दिवशी ज्यांची संमती होती त्यांना उभं राहायचं होतं. माझी संमती होती. मी बसून राहिले. मला कोणी धरून ठेवलं नव्हतं."

आईनं माझ्याकडे बघितलं. उजव्या बाकांवरून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बैल गेला आणि झोपा केला!" ते बरोबरच होतं, म्हणून जास्त लागलं.

पप्पा उठले. हातात कमिटीची वही होती. "मतदान संपलंय, बाळा. आता त्यानं काही बदलत नाही."

"माहीत आहे, पप्पा. मत मोजू नका. फक्त वहीत लिहा, की मी भित्री निघाले."

पप्पांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "भित्री नाही लिहिणार," ते शेवटी म्हणाले. "बसून राहिली, एवढंच लिहीन."

"चालेल."

ऑर्गनकडून कर्र असा आवाज झाला. आरशाची गंजलेली कडी. आरसा छतावरून उतरत उतरत मंडळीवर आला, आणि त्यात चष्मा दिसला, नाकावर घसरलेला.

मंडळी गेल्यावर मी आकडे उतरवत होते. मागे वळून बघायचा धीर होत नव्हता.

"उशीर केलास," तो मागे येऊन म्हणाला.

"हो."

"मला फार राग आला होता."

"यायलाच हवा."

"आता कमी आहे. गेलेला नाही."

"राहू दे," मी म्हटलं. हातातला पत्रा कडेनं बोटात रुतत होता. "मला तुला अजून एक सांगायचं होतं... मतदानाच्याही आधीपासून. पण आता कुठल्या तोंडानं सांगू?"

त्यानं घसरलेला चष्मा वर सरकवला.

"उभी आहेस तोवर सांगून टाक," तो म्हणाला. "तुझा भरवसा नाही."

मी हसायला गेले आणि रडायलाच लागले. आणि रडता रडता सांगितलं, की तू मला आवडतोस, फार आवडतोस, आणि तुझे स्क्रू सगळे घट्ट असले तरी दुकानात येत जा. त्यानं माझ्या हातातला पत्रा काढून घेतला आणि रुतलेलं बोट अंगठ्यानं चोळलं. कितीतरी वेळ.

"शनिवारी ताईचं लग्न आहे," तो म्हणाला. "शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात. गीतांचे आकडे लावायला कोणी नाही. तिला तू विचार. मी मध्ये पडणार नाही."

मी विचारलं. त्यांच्या दारात, त्यांच्या तोंडाकडे बघून. ताईंनी आधी माफी पूर्ण ऐकून घेतली, मग विचारलं, "उभं राहून पाय दुखले का गं?" मी हो म्हटलं. "दुखू देत," त्या म्हणाल्या आणि मला आत घेतलं.

शनिवारी सकाळी पप्पांनी माझ्या चहाच्या कपाशेजारी वर्तमानपत्राची एक पुडी ठेवली. आत पत्र्याचा सहा आणि पत्र्याचा तीन.

"माझं मत बदललेलं नाही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "चर्चची वस्तू आहे. संध्याकाळी परत लागेल. वहीत नोंद केली आहे."

"हो, पप्पा."

वर्गात मुलांच्या एवढ्याशा खुर्च्या होत्या, त्यात मोठं माणूस मावत नव्हतं, म्हणून सगळेच उभे होते. उभं राहणं तिथे फार सोपं होतं. त्याचीही मला लाज वाटली. बहिऱ्या मावशी तेवढ्या टेबलावर बसल्या होत्या.

फळ्याच्या वरच्या खिळ्यांना मी आकडे अडकवले. सुलटी बाजू दोनदा तपासली. तो उसन्या पेटीपुढे बसला होता, या खेपेला आमच्याकडे तोंड करून. मान मागे वळवून त्यानं फळा वाचला.

"नीट लावलेत ना, आकडेबाई?"

"बघ की."

तो फळ्याकडे नाही, माझ्याकडे बघत राहिला. मीही बघितलं, या वेळी पुस्तकाची पानं न चाळता. मग त्यानं त्रेसष्टाव्याची चाल धरली.