उजव्या हाताचा किडा

ती दुकानाच्या काचेसमोर थांबली ती स्वतःचा चेहरा बघायला नव्हे. काचेआड मांडलेल्या सोनेरी फ्रेमवर बारीक भोकं होती, आणि अशी भोकं दिसल्यावर पुढे निघून जाणं तिच्याच्याने व्हायचं नाही. लाकडातले किडे मारणं हा तिचा धंदा. खांद्यावरची पिशवी सावरत ती तडक आत शिरली आणि टेबलामागच्या माणसाला म्हणाली, "ती फ्रेम आधी बाहेर काढा. तिला कीड लागलीये."

"लागलेली नाही," तो मान वर न करता म्हणाला. "लावलीये."

या माणसाबद्दल थोडं सांगायला हवं. वय अठ्ठावीस, पण गल्लीभर नाव म्हातारबुवा, कारण त्याच्या हाती गेलेली वस्तू म्हातारी व्हायची. जुन्या चित्रांच्या कोऱ्या करकरीत छापील नकला तो चहाच्या पाण्यातून काढायचा, व्हार्निशला केसासारख्या भेगा पाडायचा, फ्रेमच्या वर्खाखालून तांबडा रंग किंचित डोकावू द्यायचा. सकाळी छापखान्यातून आलेली तरुण राणी संध्याकाळी दीडशे वर्षांची होऊन भिंतीवर बसलेली असे. एकदा त्याने दुकानाच्या नव्या पायरीला सहज हात टेकला आणि पायरी झिजली म्हणतात. मी ती पायरी पाहिली आहे. झिजलेली आहे. गिऱ्हाइकं सांभाळणारी त्याची आत्या तर त्याला फार जवळ फिरकू देत नसे. "माझं आहे तेवढं वय मला पुरे," म्हणायची. लबाडी मात्र त्याच्याकडे नव्हती. प्रत्येक चित्राच्या पाठीवर तो ठसठशीत अक्षरात 'नक्कल' असं लिहून ठेवायचा.

तिने पिशवीतून भिंग काढलं आणि फ्रेमवर वाकली. "दाभणाने पाडलीत?"

"हो."

"उजव्या हाताने."

आता त्याने मान वर केली. समोर कपाळावर बट आलेली एक मुलगी, आणि भिंगातून दिसणारा तिचा एक डोळा — भलामोठा, तपकिरी, हसणारा. त्याच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"सगळी एकाच बाजूला कललीत," ती म्हणाली. "आणि दर दोन बोटांवर एक. किडा इतका शिस्तीचा नसतो हो. तुमचा कवायत शिकलेला दिसतोय."

पडद्यामागून आत्याचं हसू ऐकू आलं.

"आत्या, गप्प बस. तीन वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला कळलं नाही," तो म्हणाला, आणि मग जरा पडलेल्या आवाजात, "मग खरा किडा कसा चालतो?"

त्याला विचारणं भागच होतं. मागच्या खोलीत अठरा फ्रेम रांगेने उभ्या होत्या. एका नव्या हॉटेलच्या जेवणघरासाठी, तीन आठवड्यांनी द्यायच्या. एवढं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि भोकं पाडणं तेवढं बाकी होतं.

"चालत नाही," ती म्हणाली. "आधी आतच असतो. एवढंसं अंडं, मग अळी. वर्षभर आतल्या आत लाकूड खात बसते, बाहेर कुणाला पत्ता नाही. पंख फुटले की भुंगेरा होऊन भोक पाडते आणि निघून जाते. हे भोक म्हणजे तिचं बाहेर पडायचं दार... आणि दारं तिच्या सोयीने असतात, तुमच्या नाही. ही कड बघा, इथलं लाकूड कोवळं आहे. इथे दाटी होईल. मध्ये एखादंच."

बोलताना तिचं बोट फ्रेमच्या कडेकडेने फिरत होतं. त्याने फ्रेमकडे बघायला हवं होतं. तो बोटाकडे बघत होता.

"उद्या खरा नमुना आणते," ती म्हणाली. असं काही म्हणायचं तिच्या मनातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वर्तमानपत्रात गुंडाळलेला खुर्चीचा एक पाय घेऊन आली. किड्यांनी त्याची चाळण केली होती. त्याने तो दोन्ही हातांत धरून खिडकीशी नेला आणि असा बघत राहिला, की ती जरा खट्टूच झाली. खुर्चीच्या पायाकडे कुणी इतक्या प्रेमाने बघावं?

मग ती रोजच येऊ लागली. साडेपाचला ऑफिस सुटायचं आणि पाच पस्तीसला ती दारात असायची. ऑफिस तिथून दोन कोस. कशी पोचायची ते मला विचारू नका.

"वाळवीबाई, आज दोन मिनिटं उशीर," आत्या म्हणायची.

"आत्या, वाळवी वेगळी आणि हा भुंगेरा वेगळा."

"घरात शिरतात दोन्ही. बस."

मागच्या खोलीत व्हार्निशचा आणि मेणाचा वास भरलेला असायचा. तो दाभण धरायचा, ती शेजारच्या स्टुलावर.

"पुन्हा ओळीत आलं. डोळे मिटा बघू."

"कशाला?"

"अळीला तरी कुठे दिसतं? मिटा."

"आणि दाभण तुमच्या बोटाला लागलं तर?"

"तर मीही जुनी दिसेन. तुम्हाला आवडतातच जुन्या वस्तू."

त्याने डोळे मिटलेलेच ठेवले. "ते नाही जमायचं," तो म्हणाला. "माझ्याही हाताला काही मर्यादा आहेत."

त्या दिवशी पाडलेली भोकं इतकी खरी उतरली, की तिने स्वतः भिंग लावून दोनदा तपासली.

अठराही फ्रेम झाल्या. वर मेणाचा हात फिरला. सोमवारी गाडी येणार होती, आणि शुक्रवारी ती खिडकीशी उभी राहून केस बांधत होती, तेव्हा तिला खिडकीच्या पट्टीवर चार ठिपके दिसले. तिळाएवढे, काळपट तपकिरी. आत्या कालपासून त्यांना चहाची भुकटी समजत होती.

तिने भिंग काढलं नाही. गरजच नव्हती. बाहेर पडलेला भुंगेरा उजेडाकडे जातो, म्हणून आधी खिडकी बघायची, हे तीच नव्या लोकांना शिकवायची. तिने फळीवरचा खुर्चीचा पाय उचलला. खाली मैद्यासारखं ताजं पीठ पडलं होतं.

पाय तिनेच आणलेला. म्हणजे कीडही तिनेच आणलेली. आणि त्या चौघांनी बाहेर पडल्यावर कुठे कुठे अंडी घातली, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"आज डोकं दुखतंय," ती म्हणाली आणि निघाली.

कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानापाशी ती उभी राहिली. गप्प बसली असती तरी काही बिघडत नव्हतं. वर्षभराने हॉटेलच्या भिंतीवरच्या फ्रेमना आणखी भोकं पडली असती आणि लोकांनी म्हातारबुवाच्या कसबाची तारीफच केली असती. मग कधीतरी एखादी फ्रेम हातात भुगा होऊन आली असती. त्याच्या हातात, तिच्या नव्हे. आणि सांगितलं तर? तर हा माणूस पुन्हा तोंड बघणार नाही... तिने चपलांचे सगळे जोड दोनदा मोजले आणि परत फिरली.

"अठराही फ्रेम शेकायला लागतील," ती दारातूनच म्हणाली. "साठ अंशाला, दिवसभर. मेण वितळेल. वर्खाचं सांगता येत नाही." आणि तिने ते चार ठिपके तळहातावर घेऊन त्याच्यापुढे धरले. "खुर्चीच्या पायातून आलेत. माझी चूक आहे."

त्याने एक ठिपका बोटाच्या टोकावर घेतला आणि उजेडात धरला.

"माझ्या भोकांचा कोन मोजणाऱ्या तुम्ही," तो म्हणाला. "तो पाय शेकायचा विसरलात कशा?"

"विसरले नाही."

"मग?"

"एवढं जाड लाकूड शेकायला दोन दिवस लागतात." तिने तळहात मिटला. "मला दुसऱ्याच दिवशी यायचं होतं."

पडद्यापलीकडे आत्याची कपबशी वाजायची थांबली.

त्याने हॉटेलच्या मॅनेजरला फोन लावला. "आठवडाभर उशीर होईल. कीड लागलीये... नाही, माझी नाही. खरी." पलीकडून बरीच बडबड ऐकू आली. ती संपेपर्यंत त्याने फोन कानापासून लांब धरला.

रविवारी तिच्या ऑफिसातून आणलेली मोठी पेटी मागच्या अंगणात मांडली. आत अठरा फ्रेम, खाली हीटर, बाहेर दोन स्टुलं. दर अर्ध्या तासाला ती उठून तापमान लिहायची. दुपारभर मेणाचा गोड वास पसरला होता आणि दोघं चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसे त्या पेटीकडे बघत बसले होते.

"रागावलात?" तिने अखेर विचारलं.

"परवा रागावलो होतो. आत्याने जेवायला वाढेपर्यंत."

"आणि मग?"

"मग भूक लागली होती."

उन्हं कलल्यावर पेटी उघडली. पाच फ्रेमचा वर्ख घसरून खाली आला होता, त्या पुन्हा कराव्या लागणार होत्या. उरलेल्या तेरांवर मात्र मेण लाकडात असं मुरलं होतं, की तीन आठवड्यांत त्याच्या हाताने जे साधलं नव्हतं ते एका दिवसात झालं होतं. मॅनेजरने पुढे त्या तेराच आधी टांगल्या. काही लोक म्हणतात, त्यांच्याखाली बसलेली गिऱ्हाइकं जेवण संपेपर्यंत पोक्त होतात. मी तिथे जेवलो नाही.

"सगळे मेले?" त्याने विचारलं.

"सगळे. अंडीसुद्धा."

"म्हणजे शिकवणी संपली. कीडही संपली." तो एका फ्रेमच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. "उद्यापासून तुम्हाला इथे यायला काही कारणच नाही."

"नाही," ती म्हणाली, आणि वहीत आधीच लिहिलेला आकडा पुन्हा लिहू लागली.

"मग... विनाकारण ये."

तिने पेन्सिल खाली ठेवली. बराच वेळ तिला ती उचलायचं सुचलं नाही, कारण तोवर तिचा हात त्याच्या हातात होता, आणि जुना बिलकूल झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेपाचपर्यंत थांबण्याचं तिला काही कारण दिसेना. ती सकाळी साडेसातलाच दारात उभी होती. आत्याने दार उघडलं तेव्हा तिच्या तोंडात दात घासायचा ब्रश होता, त्यामुळे काही बोलता आलं नाही. तिने ब्रशनेच आत जायची खूण केली.