गोठलेल्या जंतूंची खोटी साक्ष

"जे मोलाचं, ते सगळ्यात थंड कप्प्यात ठेवायचं." प्रयोगशाळेचे जुने प्रमुख कधीच निवृत्त झाले होते, पण त्यांचा हा आवाज जतन नावाच्या यंत्रमानवाच्या स्मृतीत तसाच होता. त्या काळी इथे ज्या जंतूंवर काम चाले, ते खोल गोठवले तरी टिकत. म्हणून सोमाबाई मडावींच्या कानाच्या पाळीतून घेतलेला कुष्ठरोगाच्या जंतूंचा नमुना आला, तेव्हा जतनने तो मोठ्या निष्ठेने उणे ऐंशी अंशांच्या कप्प्यात ठेवला.

सोमाबाई चंद्रपूरपलीकडच्या एका गावात बांबूच्या टोपल्या विणत. औषध न चुकवता घेऊनही त्यांच्या बोटांचा बधिरपणा वाढत चालला होता. औषध तेच ठेवायचं की बदलायचं, हे या नमुन्यावरून ठरणार होतं. निर्णय चुकला, तर बोटांतली उरलीसुरली जाणीवही जाणार होती.

कुष्ठरोगाचे जंतू साध्या बशीत वाढत नाहीत. त्यांच्यासाठी आता कृत्रिम त्वचा तयार झाली होती. तिच्या छोट्या कप्प्यांत जंतू सोडायचे, वेगवेगळी औषधं घालायची आणि ते कुठे वाढतात ते पाहायचं. निकाल आला, एकाही कप्प्यात वाढ नव्हती. डॉक्टर वसुधा समाधानाने अहवाल लिहू लागल्या: जुनेच औषध चालू ठेवावे. सुट्टीत आलेली त्यांची भाची दुर्वा पडद्याकडे बघत होती.

"आत्या, या शेवटच्या कप्प्यात कुठलं औषध आहे?"

"कुठलंच नाही. तो नियंत्रण कप्पा (तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला)."

"मग तिथले जंतू कशाने मेले?"

आत्याचा हात थांबला. नमुना कुठे ठेवला होता, असं तिने जतनला विचारलं. त्याने अभिमानाने सांगितलं. ती रागावली नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या अंगात वाढवलेले कुष्ठरोगाचे ताजे जंतू तिने तीन नळ्यांत वाटले. एक नळी गोठवली, दुसरी फ्रिजमध्ये चार अंशांवर ठेवली, तिसरी अंगाच्या उबेइतक्या तापमानात. काही दिवसांनी तिन्ही नळ्यांत रंग घातला. त्यात जिवंत जंतू हिरवे दिसतात, मेलेले लाल. गोठवलेली नळी जवळपास लालच झाली. उबेतल्या नळीतही लाल बरेच होते. फ्रिजमधली मात्र हिरवीगार. जीवक्षमता (जिवंत राहून वाढण्याची ताकद) तिथेच टिकली होती.

दुर्वाला हे पटेना. उबेत जंतूंची शक्ती खर्च होते, हे ठीक. पण मग जास्त थंडीत ते जास्त टिकायला नकोत का? आत्याने विचारलं, कोथिंबीर बर्फाच्या कप्प्यात राहिली तर काय होतं? लिबलिबीत होते, दुर्वा म्हणाली. आईची बोलणी खावी लागतात ती वेगळीच. तसंच हे, आत्याने समजावलं. पाणी गोठलं की बर्फाच्या बारीक सुया होतात आणि पेशीचं आवरण दुखावतं. काही जंतू ते सावरतात. या जंतूकडे डागडुजीची साधनंच तोकडी. त्याला गारवा हवा, बर्फ नको.

"म्हणजे मी त्यांना जपता जपता मारलं," जतन म्हणाला.

"आणि मेलेल्यांना साक्षीला बसवलंस," आत्या म्हणाली. "मेलेला जंतू कुठल्याही औषधाला 'लागू पडलं' म्हणतो."

आत्याने अहवाल पुसला आणि सोमाबाईंना फोन लावून झालेलं सगळं सांगितलं. पुन्हा कानाला टोचावं लागेल, हेही सांगून टाकलं. सोमाबाई हसल्या. तुमचं यंत्र लय शहाणं दिसते, म्हणाल्या. मग त्या बोलल्या, "टोचा बापा. पन या खेपेले खरं काय ते सांगजा. माह्या बोटाईले आता बांबूची कामटी हातात हाय का नाही, तेबी समजत नाही."

"सांगू," आत्या म्हणाली.

"नर्सबाईंनी टोचून घेतला की नमुना मी आणीन," जतन मध्येच बोलला. "गोठू देणार नाही, तापू देणार नाही. शब्द देतो."

खरं उत्तर मिळालं की योग्य औषध निवडता येणार होतं, आणि कुष्ठरोग योग्य औषधाने बरा होतो. दुर्वाला ते सांगत आत्या तिला प्रयोगशाळेमागच्या खोलीत निजायला घेऊन गेली.

सकाळी दोघी उठल्या, तेव्हा प्रयोगशाळेचं दार नुसतं लोटलेलं होतं. उन्हं चढायच्या आत सोमाबाईंचं गाव गाठायचं म्हणून जतन गारव्याची पेटी छातीशी धरून, खड्डे चुकवत, बांबूच्या बनाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागला होता.