शून्याची जागा

हिरामणला कॉम्प्युटर कोणी शिकवला नाही. मुंबईची जुनी पुस्तकं कर्जतच्या रद्दीवाल्याकडं किलोवर मिळायची, तेच त्याचं कॉलेज. म्हणून खालापुरातल्या त्या औषधाच्या कारखान्यातले डिग्रीवाले त्याला ‘खळ्यावरचा प्रोग्रामर’ म्हणायचे. खळ्यावरचा तर खळ्यावरचा. कारखाना उभा होता तिथंच त्याच्या बापाचं, चांगोचं, खळं होतं. भात झोडायच्या जागेवर आता एसीची खोली होती. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जावं तसं.

साल अठ्ठ्याऐंशी. प्रोग्राम लिहिताना आकडे दहाच्या हिशोबातून सोळाच्या हिशोबात न्यावे लागतात. त्यात दहाला ए म्हणतात, अकराला बी, बाराला सी. साहेब लोक हे कागदावर करायचे, चुकायचे, आणि चूक हिरामणच्या माथी मारायचे. त्याच रागात त्यानं कॅल्क्युलेटर लिहिला. यंत्र नव्हे, नुसता प्रोग्राम. मेमरीत गपचीप बसून राहायचा. दुसरं कुठलंही काम चालू असो, दोन कळा एकदम दाबल्या की पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी चौकट उघडायची.

चाचणीला तो समोर दिसेल ते मोजायचा. काचेपलीकडं पॅकिंग खातं होतं. एका टेबलावर सहा खोकी, दुसऱ्यावर सहा. बेरीज सी. बरोबर. मग त्यानं बोट करून माणसं मोजली. इकडं सहा, तिकडं सहा.

चौकटीत बी आलं.

त्यानं पुन्हा आकडे घातले. बी. खोक्यांचे सहा अधिक सहा घातले. सी. माणसांकडं बघत तेच आकडे, त्याच कळा. बी.

“काय हिरामण,” मागून सबनीस साहेब हसले, “सहा नि सहा बारा येत नाहीत तुझ्या गड्याला? पाढे म्हणून घे जरा.”

“येतील, साहेब. तुम्हाला यायला किती वर्षं लागली?”

साहेब गेले. हिरामणनं प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. चूक सापडली नाही. चहाच्या सुट्टीत पॅकिंगमधला पोशा नळावर पाणी प्यायला वाकला आणि तसाच खाली बसला. उठलाच नाही. अंगावर ओरखडा नाही, तोंडाला फेस नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. पोशाची हळद अजून नीट उतरली नव्हती.

पुढच्या आठवड्यात हिरामणनं गेटवरचे वॉचमन मोजले. चार होते, चौकटीत तीन आले. दुसऱ्या दिवशी धाकलू वॉचमन खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्याची विडी खाली पडून अजून धुमसत होती.

त्यानंतर हिरामण माणसं मोजेना. पण मन कुठं ऐकतं? एका सकाळी कळांवर बोटं ठेवून बसला असताना घर आठवलं. बाप, आई मोतीबाई, बहीण भागी, बायको जया, आणि तो. बोटांनी आपोआप एकेक मिळवत नेलं. शेवटची कळ दाबल्यावर त्याला कळलं आपण काय केलं ते.

चार.

घरच्या पाच कोंबड्या आठवून पाच घातले. पाच आले. घरची माणसं घातली. चार. चौघं राहणार होती. पाचवं कोण, ते चौकट सांगत नव्हती.

रजा न मागताच तो घरी आला. चौघंही धडधाकट. चांगो पडवीत दोर वळत होता. हिरामणनं त्याला सगळं सांगितलं. चांगोचा हात थांबला.

“बोटानं मोजलीस माणसं? तितं?”

“मग कशानं मोजू?”

“आरं, त्या जागंवर भाताचं माप घालताना पयल्या पायलीला मी कदी एक म्हनलो नाय. लाभ म्हनायचं. मंग दोन, तीन. पयलं आपलं नसतं रं.”

“कुणाचं असतं?”

चांगोनं दोराकडं पाहिलं. “नाव घ्यायचं नाय. त्याची जागा त्याला ठेवायची, बस. कारकाना झाल्यापासून तितं कोनी ठेवली नाय.”

हिरामणचं टाळकं सणकलं. “तुमच्या लाभानं जमीन राहिली का, बाबा? तेव्हा कुठं होता तो पहिल्या मापाचा मालक?”

“तितंच हुता,” चांगो म्हणाला. “तो कुटं जातो?”

दुसऱ्या दिवशी शनिवार, अर्धा दिवस होता. हिरामण सकाळीच खोलीत जाऊन बसला. जाता येता त्याला एक गोष्ट सुचली होती. कॉम्प्युटरसुद्धा पहिल्या जागेला एक म्हणत नाही, शून्य म्हणतो. मग बापाच्या शब्दापुढं मान तुकवायची गरजच काय? त्यानं बेरजेत एक जागा वाढवली. शून्याची. ती रिकामी सोडायची आणि माणसं तिच्यापुढं मोजायची. लाभ-बिभ काही लिहिलं नाही.

घर घातलं. पाच.

पुन्हा घातलं. पाच. पुन्हा. पाच. तो एकटाच मोठ्यानं हसला. डोळ्यांत पाणी आलं. त्यानं कॅल्क्युलेटर बंद केला आणि बाहेर येऊन चपलांत पाय घातले.

काचेतून सहज मागं बघितलं. कळांना कोणी हात लावला नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी चौकट उघडली होती.

सहा.

घरी पोचला तेव्हा पानं वाढून झाली होती. चांगोच्या घरात बायका मागून जेवत नसत, सगळी एकाच पंगतीला बसत. बाप बसला होता, आई बसली होती, भागी पाण्याचे तांबे ठेवत होती, जया भाताची परात आणत होती. सगळी होती. हिरामणच्या छातीवरचा धोंडा उतरला.

मग त्याला भिंतीकडची, मानाची जागा दिसली. एरवी तिथं बाप बसायचा. आज बाप सरकून बसला होता आणि तिथं एक ताट वाढलेलं होतं.

“हे कुणाचं?”

जया हसली. “आता काय सांगावं तुमाला! रोजचंच ताट हाय. बसा गुमान.”

“आई, कुणाचं गं?”

“भुकंनं डोकं फिरलं पोराचं,” मोतीबाई म्हणाली. भागी फिदीफिदी हसली.

चांगो हसला नाही. त्यानं घासाला हात लावला नव्हता.

“मोजू नको,” तो खाली बघतच पुटपुटला. “हिरामण, मोजू नको रं.”

हिरामण बसला. त्यानं आपल्या भातावर नजर ठेवली. भुरका मारल्याचा आवाज आला. भिंतीकडून.

जया भाताची परात घेऊन उठली. बापाला वाढलं, आईला वाढलं. मग ती भिंतीकडच्या ताटावर वाकली. ताट निम्मं झालं होतं.

वाढायला उचललेला तिचा हात मधेच थांबला. कोणी ताटावर आडवा तळवा धरावा, आणि वाढणारणीनं ओळखावं, तशी ती थांबली.

“बरं, पुरे तर पुरे,” असं म्हणून तिनं हात मागं घेतला, आणि मोठ्या माणसापुढं घ्यावा तसा डोक्यावर पदर घेतला.