चटईखालचा साहेब

सिउमू गावाहून राजधानी आपियाला जाणारी सकाळची बस भरली, की नंतर चढणारा माणूस उभा राहत नाही, कुणाच्या तरी मांडीवर बसतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. बस लाकडी, बाकं अरुंद, आणि माणसं आपलीच. बायकांनी बायकांच्या मांडीवर बसायचं, पुरुषांनी पुरुषांच्या, आणि तरुण गड्यांनी गुपचूप मागे सरकायचं. ज्याला एवढंही कळत नाही, तो पुढच्या बाकावर खिडकी धरून बसतो.

त्या सोमवारी असा एक जण बसला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर लॅपटॉपची बॅग. नाकडोळे इथलेच, सामोआचे. बसणं मात्र पुरतं ऑकलंडचं.

सोसे आजी चढल्या. त्यांनी बसभर नजर फिरवली, त्याची बॅग उचलून त्याच्याच हातात दिली आणि त्याच्या मांडीवर ऐसपैस बसल्या. आजींचा देह म्हणजे काही थट्टा नव्हती.

"अहो... अहो आजी—"

"गप रे! पुढे बसायची हौस होती ना? आता बस."

पलीकडच्या बाकावर पेनिना होती. आजी तिच्या आईची आत्या. हसू नये म्हणून तिने ओठ दाबून धरले, खिडकीबाहेर पाहिलं, आणि तरीही फसकन हसलीच.

"हसताय काय?" आजींच्या दंडाआडून तो म्हणाला. "सोडवा की!"

"ही जागा म्हाताऱ्यांची आणि बायकांची. तरुणांनी मागे बसायचं."

"कुठे लिहिलंय तसं?"

"इथे सगळंच लिहून ठेवत नाहीत, साहेब."

आजींच्या खांद्यावरून दोन डोळे तिच्याकडे बघत राहिले. चिडलेले होते... आणि हसतही होते. डोंगर उतरून आपिया येईपर्यंत पेनिनाने तिकडे पाहिलं नाही. म्हणजे, फारदा नाही.

तासाभराने तोच माणूस लंगडत तिच्या कचेरीचा जिना चढून आला. कचेरी म्हणजे कापडाच्या दुकानावरची एक खोली. खिडकी, पंखा, आणि दारावर तिने स्वतः रंगवलेली पाटी : 'पेनिना आसोमुआ. परदेशी कंपन्यांसाठी इथली माणसं, इथल्या कायद्याने.' फिजीतल्या सुवाला जाऊन ती कामगार कायदा शिकली होती आणि मोठ्या शहरांतल्या नोकऱ्या नाकारून परत आली होती. त्या पाटीवरून जाताना तिची मान अजूनही थोडी ताठ व्हायची.

"तुम्ही?" तो दारातच थांबला.

"पाय कसा आहे?"

"आहे असं ऐकलंय. मला अजून जाणवत नाही." तो खुर्चीत बसला. "मी फ्रेड. ऑकलंडहून. कंपनीला इथे फोनवर बोलणारी बारा माणसं हवीत."

"फ्रेड? आई काय म्हणते?"

तो घुटमळला. "...फेरेती."

"मग फेरेतीच. बोला, काय माहिती हवी?"

"सरळ आहे. बारा जणांना कंत्राटावर घेऊ. प्रत्येक जण आपापला स्वतंत्र धंदेवाला. ना रजा, ना पीएफ, ना कटकट. स्वस्तात काम."

पेनिनाने पेन खाली ठेवलं. "सकाळी आठला यायचं कुणी सांगणार?"

"आम्ही."

"खुर्ची, फोन, संगणक कुणाचा?"

"आमचा."

"खुर्ची तुमची, फोन तुमचा, घड्याळ तुमचं, आणि माणूस तेवढा तुमचा नाही?" ती शांतपणे म्हणाली. "कागदाच्या डोक्यावर काहीही लिहा, कायद्याने तो नोकरच. त्याला भरपगारी रजा, आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा. पीएफमध्ये तुमचा वाटा, अपघातनिधीत तुमचा वाटा. रविवारी बोलावलंत तर दुप्पट पगार. तेही चर्चमधून उठवायची हिंमत असली तर."

"हे सगळं धरलं तर माणूस महाग पडतो हो."

"माणूसच आहे तो, फेरेती. आपला म्हणायचा, तर खर्च येतोच."

नंतरचे तीन आठवडे तो रोज जिना चढत राहिला. कधी रजेच्या कलमावर शंका, कधी पीएफच्या फॉर्मवर. शंका छोट्या असत आणि पानिकेकेची पुडी मोठी. ते गरम, गोड, तळलेले गोळे खाताना दोघांची बोटं तेलकट होत आणि कागद तसेच पडून राहत. दुपारी पाऊस यायचा. पत्र्यावर तो एवढा वाजायचा, की बोललेलं ऐकूच यायचं नाही. मग बोलणं थांबायचं आणि नुसतं बघणं उरायचं. तो बघायचा, ती फाईल चाळायची, मग ती बघायची आणि तो पुडीत बोटं घालायचा.

"एक विचारू?" एकदा पाऊस ओसरताना तो म्हणाला. "या एवढ्याशा खोलीत तू का बसलीस? ऑकलंडमध्ये तुला लोक डोक्यावर घेतील."

तिने तेलकट बोटं पुसली.

"आईने अकरा वर्षं कपडे शिवले," ती म्हणाली. "परदेशी मालकाचा कारखाना होता. एका सोमवारी दाराला कुलूप दिसलं. बायका विचारायला गेल्या तर त्यांना सांगितलं, तुम्ही नोकर नव्हताच, रोजच्या कामाला येणाऱ्या होतात. आई मशीनवर ठेवलेली कात्री तेवढी घेऊन घरी आली. त्या दिवशी मी ठरवलं, आमच्या गावात कुणी कागद घेऊन आला, तर तो आधी मी वाचणार."

फेरेतीने नकळत तिच्या हातावर हात ठेवला, मग घाबरून उचलला. तिने तो परत ओढून ठेवला. पाऊस कधीच थांबला होता, तरी कुणी उठलं नाही.

सह्यांचा दिवस उजाडला. फेरेतीच्या नव्या ऑफिसात बारा खुर्च्या मांडलेल्या, पेनिनाच्या गावातल्या बाराही जणी वेळेआधी हजर. सगळ्यांच्या अंगावर एकाच कापडाची, निळ्यावर पांढऱ्या फुलांची पुलेतासी, म्हणजे लांब झगा आणि खाली गुंडाळायचं वस्त्र. कंपनीने गणवेश सांगितला नव्हता. नोकरी लागली म्हणून त्यांनी आपणहून शिवून घेतला होता. सगळ्यांत धाकटी लोसा हात पुन्हापुन्हा धुऊन येत होती, कागदाला डाग लागायला नको म्हणून.

पेनिना दहा मिनिटं उशिरा पोचली. तोवर सह्या सुरू झाल्या होत्या. तिला बघून लोसा म्हणाली, "वाचलं नाही ताई. तू लिहिलंयस म्हटल्यावर वाचायचं काय?"

पेनिनाने सहज तो कागद उचलला आणि तिचा चेहरा बदलला. तिने लिहिलेली कराराची सात पानं नव्हतीच. दोन पानं होती. रजा नाही, पीएफ नाही, आणि वर ठळक अक्षरात 'स्वतंत्र कंत्राटदार'.

तिने फेरेतीकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"तुला माहीत होतं?"

"काल ऑकलंडहून आलं... मी म्हटलं, आधी काम तर सुरू होऊ दे, मग हळूहळू—"

"माहीत होतं की नाही?"

"होतं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं असावं. तिने एकेकीच्या हातातून कागद घेतले, बारा झाले तसे ते मधोमध फाडले आणि त्याच्या टेबलावर नीट रचून ठेवले.

"उठा गं," ती म्हणाली.

बाराही जणी उठल्या. एकीनेही 'का' विचारलं नाही. नोकरीची गरज सगळ्यांनाच होती, घरी सगळ्यांचं सांगून झालं होतं, तरी निळी फुलं एका रांगेत, ताठ मानेने दाराबाहेर पडली. पेनिनाला रडू येत होतं, पण त्या रांगेकडे बघून तिचा ऊर भरून आला. मागे राहिल्या बारा रिकाम्या खुर्च्या आणि तो.

बसमध्ये मात्र तिला आवरलं नाही. सोसे आजींनी तिला मांडीवर घेतलं, लहानपणी घ्यायच्या तसं.

"आवडतो ना?"

"होता."

"हं," आजी म्हणाल्या. "होता म्हणणारी अशी रडत नाही."

चौथ्या दिवशी सकाळी काकांच्या हाकेने तिला जाग आली. काका घराण्याचे मताई, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. ते कधी गडबडत नाहीत, पण आज आवाज चढला होता.

"पेनिना! बाहेर ये! दारात कुणी इफोगाला बसलंय!"

इफोगा म्हणजे साधी माफी नव्हे. कुणाच्या हातून कुणाचा जीव गेला, तर अपराधी पहाटेपासून त्या घरापुढे डोक्यावर चटई घेऊन बसतो. आतल्या माणसांनी चटई उचलली, तर क्षमा. नाही उचलली, तर पुढे काहीही होऊ शकतं. गावाच्या आठवणीत दोनदा झाला होता इफोगा, दोन्ही वेळा मृत्यूनंतर.

अंगणात निम्मा गाव जमला होता. मधोमध चटईचा एक ढीग बसला होता. चटईखालून इस्त्रीची पँट दिसत होती.

"अगं बाई," पेनिना पुटपुटली.

"कुणाला मारलंय याने?" काकांनी विचारलं.

"कुणाला नाही, काका."

"मग तुला काही...?" काकांच्या मिशा थरथरल्या.

"काका! नोकरीचा कागद चुकीचा दिला, एवढंच."

मग सोसे आजी पुढे झाल्या, चटईचा कोपरा चिमटीत धरून त्यांनी निरखला आणि कपाळाला हात लावला.

"इफोगाला पिढ्यान्‌पिढ्यांची तलम चटई आणतात रे, पोरा! ही तर बाजारातली, जमिनीवर अंथरायची. किमतीची चिठ्ठीसुद्धा काढली नाहीस! आणि ही पिशवी कसली?"

"कोळसा," चटईखालून आवाज आला. "बाबा सांगायचे, बरोबर लाकूड आणि दगड न्यायचे... म्हणजे, हवं तर मला भट्टीत भाजा, असं म्हणायचं. लाकूड मिळालं नाही."

गावाला हसू आवरेना. लोसा तर निळ्या फुलांत तोंड खुपसून हसत होती. काकांनी मिशीवर हात ठेवला, तो हसू झाकायलाच. पेनिना तेवढी हसली नाही. ती चटईपुढे येऊन उभी राहिली.

"मारल्यावर बसतात इथे, फेरेती. तू कुणाला मारलंस?"

चटई जरा हलली.

"तू लिहिलंयस म्हणून त्यांनी न वाचता सही केली," तो म्हणाला. आता आवाजात थट्टा नव्हती. "तो विश्वास मी मारत होतो. याहून छोटी माफी मला सुचली नाही."

अंगणातलं हसू थांबलं.

चटईखालून एक हात बाहेर आला. हातात जाड लिफाफा होता. "तुझी सात पानं. जशीच्या तशी, बारा प्रती, ऑकलंडच्या सहीसकट. मी सांगितलं, अशी सही होणार नसेल तर दुसरा मॅनेजर शोधा. तीन दिवस भांडलो. शेवटी म्हणाले, खर्च वाढणार तो तुझ्यातून काढू. कंपनी देणार होती ती गाडी गेली, ऑकलंडचा पगार गेला. मलाही इथल्याच कागदावर घेतलंय. तेरावी प्रत माझी आहे."

पेनिनाने लिफाफा घेतला. पण चटई उचलली नाही. ती तिथेच उभ्याउभ्या पहिलं पान वाचू लागली. मग दुसरं, मग तिसरं. ऊन वर आलं, चटईखाली घाम गळू लागला, कोंबड्या येऊन कोळशाची पिशवी टोचून गेल्या. कुणी घाई केली नाही. आपल्या मुलीने कागद वाचायला घेतला, तर तो ती पुरा वाचणार, हे गावाला माहीत होतं आणि त्याचा गावाला अभिमान होता. रजा होत्या. बाळंतपण होतं. पीएफ होता. बाराव्या प्रतीवर लोसाचं नाव होतं, अचूक.

तेराव्यावर लिहिलं होतं : फेरेती. फ्रेड नव्हे.

तिथे मात्र अक्षरं जरा हलली. तिने डोळे पुसले, वाकली आणि दोन्ही हातांनी चटई उचलली.

आत घामाने भिजलेला, लाल झालेला, केस विस्कटलेला चेहरा. तेच दोन डोळे, आजींच्या खांद्यावरून बघणारे.

"तीन महिने प्रोबेशन," ती म्हणाली.

"चालेल. आणि नंतर?"

"नंतर सोमवारपासून रोज बस आहेच. मागच्या बाकावर बसायचं."

"तू कुठे बसणार?"

"पुढे. पण मान मागे वळते माझी," ती हळूच म्हणाली. "पहिल्या दिवसापासून वळते... आवडतोस तू मला. खूप. आणि आज फार अभिमान वाटतोय तुझा."

सोसे आजींनी "उठ आता, पाय मेले असतील" म्हणून त्याला बखोटीला धरून उभं केलं आणि कोकोचा पेला हातात दिला.

पेनिनाने चटई झटकली आणि गुंडाळली. क्षमा झाली, की चटई त्या घराची होते. वरच्या फळीवर, कापडात बांधलेल्या, पणजीपासूनच्या तलम चटया होत्या. तिने ही खरखरीत चटई त्यांच्या शेजारी ठेवली.

"तिथे?" काका दारातून म्हणाले. "बरं, किमतीची चिठ्ठी तरी काढ."

"राहू दे, काका," पेनिना म्हणाली. "माणूस आपला करायचा, तर खर्च येतोच."