नकाशांच्या खोलीतले सहा शनिवार

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, गुंडाळून भिंतीला टांगलेले सतरा नकाशे आणि खिडकीखाली मेलेल्या चार माश्या होत्या. पाचवी जिवंत होती, पण फार टिकेलसं वाटत नव्हतं. यादी हातात धरून एक विद्यार्थिनी हे मोजत होती, तेवढ्यात एक तरुण समोर येऊन उभा राहिला. हातात पेटीएवढं मशीन.

“तीनदा हाक मारली,” तो म्हणाला.

“मग चौथ्यांदा मारायला काय हरकत होती?”

तो हसला. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

दर वर्षी कॉलेजचा एखादा माजी विद्यार्थी आपल्या कामातलं काहीतरी कॉलेजसाठी करून जायचा. गेल्या वर्षी दातांची डॉक्टरीणबाई येऊन सगळ्यांचे दात बघून गेली होती. यंदा कान. विद्यार्थी दोनशे बारा, शिक्षक आणि कर्मचारी तीस. सहा शनिवारांत सगळे उरकायचे. यादीप्रमाणे माणसं आत सोडायचं काम तिच्याकडे आलं होतं.

“सर, सुरुवात कुणापासून?”

“सर नको गं. याच कॉलेजात तर्कशास्त्रात दोनदा आपटलोय मी.”

“मग दादा म्हणू?”

“सरच बरं.”

तिला दोन वर्षांपासून कमी ऐकू येत होतं, आणि हे फक्त तिलाच माहीत होतं. बाबांचे कान चाळिशीतच गेलेले, त्यामुळे आई सगळ्यांशीच गच्चीवरून बोलावं तशी बोलायची. घरी काही कळलंच नाही. कळलं ते वसतिगृहात, दिवे घालवल्यावर. अंधारात मैत्रिणी बोलायच्या आणि तिच्या हाती एक शब्द लागायचा नाही. उजेडात मात्र ती ओठांवरून सगळं वाचायची. समोरच्याकडे एकटक बघते म्हणून मुलींनी तिचं नाव ‘टकमक’ ठेवलं होतं.

तिला दुभाषी व्हायचं होतं. भाषा तीन येत होत्या, प्रवेशपरीक्षेत ती पहिली आली होती. राहिला होता एक कागद: दोन्ही कान पंचवीस डेसिबलच्या आत. आकडा जितका मोठा, तितका कान अधू.

तपासणी साधी होती. माणसाने भिंतीकडे तोंड करून बसायचं, कानांवर हेडफोन. त्याने मागून बटण दाबायचं, आवाज आला की माणसाने हात वर करायचा. पाऊस आला की मात्र काम थांबे. पावसाचा आवाज तिला यायचा नाही; त्याने बटणावरचं बोट उचललं, की ती ओळखायची… आला. मग पाऊस उघडेपर्यंत दोघं समोरासमोर बसून राहायची.

“तू माणसाकडे अशी काय बघतेस?” तिसऱ्या शनिवारी त्याने विचारलं.

“अशी म्हणजे?”

“म्हणजे… पेपर फुटलाय, आणि तो माझ्या तोंडावर छापलाय, अशी.”

“पेपर सोपाच आहे.”

“मार्क किती पडतायत?”

“अजून तपासतेय.”

तो कानांपर्यंत लाल झाला. त्याने मशीन पुसायला घेतलं, चाचणीचं बटण दाबून पाहिलं. आणि बटण दाबताना त्याची डावी पापणी किंचित लवते, हे तिला तेव्हाच दिसलं. पुढे ती ती पापणीच बघत राहिली. कागदासाठी की अशीच — हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सहाव्या शनिवारी दोनशे एकेचाळीस जण संपले. ती शेवटची. अर्जाची मुदत सोमवारी संपत होती.

“बस,” तो म्हणाला. “तोंड…”

“अशीच बसले तर?”

“नियमात बसत नाही.”

“दोनशे एकेचाळीस जणांना नियम लावलात, पुरे झाला की.”

त्याने खुर्ची फिरवली नाही. त्याला तिच्याकडे बघायचं होतं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिने त्याचाच फायदा घेतला, आणि घेताना तिचं तोंड कडू झालं.

पापणी लवली, हात वर. लवली, वर. उजवा कान पंधरा, डावा कान पंधरा. त्याने खुशीत सही ठोकली, आणि वायरी गुंडाळता गुंडाळता थांबला. उजव्या कानाची लाल वायर मशीनमध्ये खोचलेलीच नव्हती. तिची पिन टेबलावर पडली होती. त्या कानात काहीच गेलं नव्हतं, आणि तिने अकरा वेळा बिनचूक हात वर केला होता.

“किती दिवसांपासून?”

“दोन वर्षं.”

“म्हणजे तू बघायचीस ते…”

“ओठ. आणि पापणी.”

“आणि मी दर शनिवारी शर्टाला इस्त्री करत होतो.”

“शर्टही बघितलेत,” ती म्हणाली. “निळा चांगला होता.”

तो हसला नाही. सही केलेला कागद त्याने तिच्याकडे सरकवला. “मी हा फाडणार नाही. काय करायचं ते तू ठरव.”

तिने कागद उचलला. उद्या एखाद्या दवाखान्यात कुणी परकं माणूस पडद्याआडून सांगेल, कुठे दुखतंय ते. आणि दुभाषी म्हणून आपण अंदाजाने काहीतरी ठोकून देऊ. डॉक्टर त्यावर औषध देईल.

तिने कागदाचे दोन तुकडे केले, लाल पिन जागेवर खोचली आणि खुर्ची भिंतीकडे वळवली.

“आता तुम्ही बोललात तरी मला कळणार नाही,” ती भिंतीला म्हणाली. “म्हणून आत्ताच सांगते. कागदासाठी बघत होते, हे खरंय. पण गेल्या शनिवारी तुम्ही झेरॉक्स काढायला गेलात, तेव्हा मी रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले होते. तिच्यावरून काय वाचता येणार होतं मला?”

मागून उत्तर आलं की नाही, तिला कळलं नाही. बऱ्याच वेळाने हेडफोन तिच्या कानांवर आले. त्याची बोटं तिच्या केसांपाशी थोडी थांबली… मग निघाली. तिने डोळे मिटले. आवाज आला तेव्हाच हात वर केला. मध्ये मध्ये फार मोठी शांतता होती.

मग तो आपली खुर्ची ओढून तिच्यासमोर, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर घेऊन बसला, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “उजवा कान, अठ्ठावन्न. डावा कान, त्रेसष्ट.”