विमल मावशीचं मागचं दार

हितेश माझ्याबरोबर धाटावच्या कंपनीत शिफ्टला होता, म्हणून सांगतो. त्याच्याच तोंडून ऐकलंय, इकडचं तिकडचं नाय.

त्याची विमल मावशी वारली आणि पेणचं घर त्याच्याकडे आलं. ते विकून त्याला रोह्यात फ्लॅट घ्यायचा होता. एजंट म्हणाला, "रंग काढा, बाथरूम नवं करा. फॉल्स सीलिंग नको, त्याचा भाव कुणी देत नाय. पण स्वयंपाकघर चकाचक पायजे, गिऱ्हाईक पहिलं तेच बघतं. ते मागचं दार बुजवा, ओटा लांब निघेल."

हितेशला पटलं. दाराच्या जागी विटा चढल्या, तेव्हा शेजारच्या इंदुबाई पुढच्या दारातच थबकल्या.

"दार बुजवलंस रे? विमलचा पोरगा रघू त्याच दारानं खाडीवर गेला, तो परत आलाच नाय. वीस वर्षं तिनं त्या दाराला कडी घातली नाय."

"मावशी गेली आता. दार कुणासाठी ठेवू?" हितेश म्हणाला खरा, पण तेव्हापासून त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक घर बघायला येणार होतं, म्हणून शिफ्ट सुटल्यावर तो टाइल्स कशा बसल्यात ते पाहायला गेला. पोचला तेव्हा पावणेआठ वाजले होते. भिंतीवरचा सिमेंटचा डाग त्यानं ओल्या फडक्यानं पुसला. दिवा मालवून बाहेर पडणार, तेवढ्यात...

टक. टक.

नव्या भिंतीतून. पलीकडून.

"कोण हाय?"

मग त्याच्या पाठीमागे, घरात, बांगड्या वाजल्या. कुणीतरी ओट्याच्या कडेकडेनं चालत होतं. टाइल्सवर तळहात फिरत होता. चाचपत... इकडून तिकडे... परत इकडे. दार शोधत.

पलीकडून पुन्हा, टक टक. आणि अगदी बारीक आवाज.

"आये..."

बांगड्या थांबल्या. मग हुंदका. एकच.

हितेश पुढच्या दाराकडे वळला. पळायचं होतं त्याला. पण तो हुंदका मावशीचा होता, आणि त्याच मावशीनं त्याला लहानाचं मोठं केलं होतं. गवंड्याचा हातोडा कोपऱ्यात पडला होता. तो उचलून त्यानं भिंतीवर घातला. पुन्हा घातला. नव्या टाइल्स फुटल्या, सिमेंट न मुरलेल्या विटा ढासळल्या. माणूस जाईल एवढं भगदाड पडलं.

बाहेर कुणी नव्हतं. खाडीचा वारा आत आला... त्याच्या अंगाला घासून गेला.

तो पळाला तो थेट इंदुबाईंच्या घरी. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. उजाडल्यावर दोघं मिळून आत गेले.

ओट्यावर दोन ताटल्या होत्या. धुऊन, शेजारीशेजारी पालथ्या घातलेल्या. घरातलं शेवटचं भांडं हितेशनं महिन्यापूर्वीच देऊन टाकलं होतं.

ताटल्यांचं पाणी अजून निथळत होतं.