थट्टेत दिलेली सून

सालूम नदी समुद्राला मिळते तिथल्या खारफुटीत डिबोर बाखूम तीस वर्षं कालवं काढत आली होती, तीही बहुतेक वेळा एकटीच. त्या पाण्यात तिला कशाची भीती नव्हती, आणि आपल्या तोंडापुढे कुणी टिकत नाही याचा तिला मोठा अभिमान होता. त्या दिवशी मात्र नवी सून तेनिंग बरोबर होती. पोर आतल्या भुईमुगाच्या मुलखातली. पोहता येत नव्हतं आणि गाळात पाऊल कसं टाकायचं तेही ठाऊक नव्हतं. मुलगा दूर समुद्रावर मासेमारीला निघाला, तेव्हा डिबोरने छातीवर हात ठेवून त्याला सांगितलं होतं, "तुझी बायको मला लेकीसारखी. तिच्या केसालाही धक्का लागणार नाही."

दुपार कलल्यावर, ओहोटीच्या वेळी, दोघी आतल्या खाडीत शिरल्या. हवेत धूळ होती, सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसत होता. दोन्ही काठांना खारफुटीच्या मुळ्या उघड्या पडल्या होत्या आणि मुळ्यांना कालवं लगडली होती.

"मुळी तोडायची नाही हं," डिबोर होडीतून म्हणाली. "फक्त कालव काढ."

"हो, आई."

तेनिंग लहान कोयती आणि टोपली घेऊन मुळ्यांमागे गेली. तिची टकटक ऐकू येऊ लागली. डिबोर होडीच्या कडेला बसून आपल्या हाताजवळची कालवं सोडवत होती.

"काय गं ए बटके," मुळ्यांपलीकडून एका बाईचा आवाज आला, "कुणाला विचारून माझ्या खाडीत शिरलीस?"

बोली डिबोरच्या सेरेर लोकांचीच, पण हेल दक्षिणेकडच्या जोला लोकांचा. डिबोरचा चेहरा खुलला. सेरेर आणि जोला हे थट्टेचे नातलग. भेटले की एकमेकांना गुलाम म्हणायचं, खाण्यावरून टोमणे मारायचे, समोरच्याची आवडती वस्तू खुशाल मागायची. त्याने राग धरायचा नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. कालवांच्या दिवसांत जोला बायका इकडे येतच असत.

"तुझी खाडी कुठली, भाताच्या पोत्या? तुला चार घास कमी पडले म्हणून इकडे आलीस ना?"

"आणि तू बाजरी खाऊन दिवसभर रवंथ करतेस, त्याचं काय?"

डिबोर खुदकन हसली. बाई तोडीस तोड होती.

"ती पोर कुणाची गं?"

"माझी सून."

"मला दे."

"ने की. काम थोडं, जेवण फार. आमचं धान्य तरी वाचेल."

"नेते हं..."

थट्टेत असंच बोलतात. पण हे शेवटचं बोलणं फार जवळून आलं, आणि त्यात हसू नव्हतं.

टकटक थांबली.

"तेनिंग?"

गाळावर खेकड्यांची बारीक चुरचुर चाललेली असते, तीही बंद झाली होती. कालवं धुरावर भाजल्याचा वास आला, पण धूर कुठेच नव्हता. डिबोर गुडघाभर गाळातून मुळ्यांमागे गेली. तेनिंगच्या पावलांचे ठसे सरळ सात-आठ पावलं गेले होते. पुढे गुळगुळीत गाळ. दुसऱ्या कुणाचा ठसा नव्हता.

भरती लागली होती. त्या ठशांमध्ये एकेक करून पाणी भरू लागलं.

डिबोरला गुडघे टेकून ओरडावंसं वाटलं, माझी पोर परत दे गं बाई. पण तिच्या आईने तिला लहानपणी याच पाण्यावर एक गोष्ट बजावली होती. नदीच्या मुखाशी थट्टेत काही दिलं, तर ते थट्टेतच राहतं, पण देणाराही थट्टेत राहिला तर. एकदा रडलं, एकदा गयावया केली, की ते देणं खरं होतं.

ती होडीत परत आली. मग तीस वर्षांत कमावलेल्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"अगं ए भाताच्या पोत्या, सून नेलीस ते बरं झालं. माझं ओझं वाहायला तुलाही माणूस हवंच होतं."

तिने वल्हं होडीच्या कडेवर आपटलं.

"जोला आमची बटीक, हे तर तुझ्या आजीलाही ठाऊक. आणि बटकीच्या घरात जे आहे ते मालकिणीचं. म्हणजे सून तुझी झाली तरी माझीच... तेव्हा आण तिला इकडे. आणि येताना माझी टोपलीही घेऊन ये."

पाणी मुळ्यांवर चढत होतं. डिबोर वाट पाहत राहिली. मग पलीकडे कुणीतरी हसलं. त्या हसण्यात दुसरं मिसळलं, तिसरं मिसळलं, आणि दोन्ही काठांनी ते हसू पार मुखापर्यंत गेलं.

मुळ्यांमधून तेनिंग कमरभर पाण्यातून आली. डोक्यावर टोपली होती.

डिबोरने तिला काखेत हात घालून होडीत ओढलं, पुढे बसवलं आणि स्वतः मागे बसून वल्हं मारू लागली. आपला आवाज एकदाही कापला नाही, याचं तिला मनोमन कौतुक वाटत होतं.

बरंच अंतर गेल्यावर तेनिंग हळूच म्हणाली, "आई, त्या बाईने मला विचारलं, तुझी सासू मला देतेस का?"

डिबोरचं वल्हं थांबलं. "मग?"

"मी म्हटलं, न्या की, फार बोलतात त्या. आमच्या गावातही अशीच थट्टा करतात ना... पण ती म्हणाली, नेते हं. मला कसंतरीच झालं. मी रडले, आई. तिचे पाय धरले. म्हटलं, माझ्या सासूला नेऊ नका."

डिबोरसाठी आजवर कुणी कुणाचे पाय धरले नव्हते, ना नवऱ्याने, ना मुलाने. परमुलखातल्या या पोरीने धरले. तिचा ऊर अभिमानाने भरून आला, आणि त्याच क्षणी तिला आईचे शब्द आठवले.

"बरं केलंस," ती म्हणाली. "आता समोर बघ. ते तीन ताड दिसतात ना, त्यांच्याकडे होडीचं तोंड ठेवायचं. उद्या मी नसले तरी वाट चुकायची नाही."

"तुम्ही कुठे जाणार?"

"वल्हव."

डिबोरने पुढे केलेलं वल्हं घेऊन तेनिंग वल्हवू लागली. थोड्या वेळाने तिच्या पायांशी पाणी आलं.

"आई, होडी पुढून खाली का जातेय? मागे कुणी बसलंच नसल्यासारखी..."

डिबोरने वाकून पाहिलं. ती अंगाने चांगली भरलेली बाई, तरी तिच्याखालची होडीची कड पाण्यापासून हातभर वर उचलली गेली होती. तिने पाठ ताठ केली.

"वारा आहे," ती आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "मागे वळून बघू नकोस."

वारा मुळीच नव्हता.